तुळईवरची नावं

मी एलरब्रिंक बोलतोय. दचकू नका, मी माणूस नाही, आडनाव आहे.

जर्मनीतल्या वेस्टफालियात एका ओलसर उतारावर, म्हणजे तिथल्या बोलीत 'ब्रिंक'वर, एलरची झाडं होती. तिथं कुणीतरी घर बांधलं आणि गाव त्याला उताराच्या नावानं हाक मारू लागलं. झालं, जन्मलो मी! मी रक्तातून नाही, मातीतून आलो. म्हणून आमच्याकडची रीतच अशी, की या शेतावर जो नांदेल तो एलरब्रिंक. घरजावयानंही आपलं नाव उंबऱ्याबाहेर ठेवायचं. मग दारावरच्या ओकच्या तुळईवर जोडप्याची नावं कोरायची, ती माझ्यासकट. धाकट्या मुलांना शेत मिळत नसे. ती मला घेऊन ब्रेमेन बंदराला गेली, तिथून जहाजानं अमेरिकेला. तिकडं माझे सुतार आहेत, पाववाले आहेत. त्यांना हा उतार ठाऊकसुद्धा नाही.

शेतावर आता उरलाय म्हातारा आल्विन. त्याची एकुलती एक लेक हेडा, आणि तिचं लग्न ठरलंय टीलो राडकेशी.

"आमचं नाव घे, शेत तुमचं," रविवारी कॉफी पिताना आल्विन त्याला म्हणाला. "नाहीतर विकून मोकळा होतो. पाचशे वर्षांचं रक्त आहे हे!"

"काका, माझी पणजी युद्धात घरदार सोडून पूर्वेकडून आली, हातगाडीवर पोरं घालून. तिच्याकडून आम्हाला मिळालं ते हे नावच. ते नाही सोडणार मी."

"निर्वासितांचा तोरा बघा!"

"बाबा," हेडा शांतपणे म्हणाली, "आजोबांचं लग्नाआधीचं आडनाव काय होतं हो?"

आल्विनच्या हातातला केक हातातच राहिला. "मला काय ठाऊक! त्यांना कुणी विचारलंच नाही."

मला ठाऊक होतं. क्लेमेन्स फेनेमान, आल्विनचा बाप, इथं घरजावई होऊन आलेला. दरवर्षी आईच्या स्मृतिदिनी तो गोठ्यात जायचा आणि गाईंपुढं आपलं जुनं नाव मोठ्यानं उच्चारायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अशी किती नावं गिळली मी!

दुसऱ्या दिवशी हेडानं चर्चच्या वहीतून ते शोधून आणलं. आल्विननं दोनदा वाचलं. बापाच्या थडग्याच्या भाड्याच्या जागेची मुदत संपून दगडही कधीच काढून नेला होता. उरली होती ती तुळईच.

शनिवारी त्यानं शिडी लावली. बापाच्या नावापुढं आधी 'फेनेमान' कोरलं. कोरताना रडत होता. मग खाली: 'हेडा आणि टीलो राडके'.

"सरळ आलंय का रे?" त्यानं वरूनच विचारलं.

"आलंय, बाबा," शिडी धरून उभा असलेला टीलो म्हणाला.

आल्विननंतर या उतारावर मला कुणी हाक मारणार नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण एवढंच मागतो: या दारातून कुणी नवं माणूस आत आलं, तर त्याला आधी त्याचं नाव विचारा.