हिरवं बटण

ग्लोरियानला पगारवाढ हवी होती आणि ती मागायची तिला मुळीच लाज नव्हती. का असावी? माल्टातल्या स्लीमा शहरातल्या त्या ऑनलाइन जुगाराच्या कंपनीचं पडद्यामागचं सगळं कोडिंग तिच्याच जिवावर चालायचं. वाढ मिळाली की शेजारच्या ग्झिरा गावातल्या फ्लॅटसाठी बँक कर्ज देणार होती. नाहीतर आहेच आईचं घर, आणि "अगं, चाळिशीला आलीस, आता तरी हल इथून," हे रोजचं तुणतुणं.

त्या दिवशी तिचा साहेब सँड्रो स्वतः चीज भरलेल्या गरम, खुसखुशीत पास्तिझ्झी घेऊन आला, तेव्हाच तिला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

"पगार दीडपट. टीमही तुझी," तो म्हणाला. "काम एकच. जिंकलेल्यानं पैसे काढायला घेतले की तीन दिवस पडताळणीच्या नावाखाली अडवायचे. आणि समोर मोठं हिरवं बटण द्यायचं: पैसे परत खेळात टाका."

"पडताळायचं काय?"

"काही नाही गं! तीन दिवसांत निम्मे लोक आपणहून परत टाकतात."

ग्लोरियानच्या अंगाचा तिळपापड झाला. जिंकणाऱ्याचा पैसा लगेच खात्यात पोचावा म्हणून अख्खा हिवाळा तिनं रक्त आटवलं होतं. आता त्याच वाटेत तिनंच धोंडा घालायचा!

"चालेल," ती म्हणाली. "फक्त माझा पगारही तसाच द्या. तीन दिवस अडवा आणि मलाही बटण द्या: पगार कंपनीला परत."

सँड्रो खो खो हसला. "वेडी का खुळी तू? तो तुझा हक्काचा पैसा आहे."

"आणि जिंकलेला कुणाचा? तुमच्या तीर्थरूपांचा?"

त्याचं हसू मावळलं. "हे बघ, माल्टा केवढासा! मी दोन फोन केले ना, तर या धंद्यात तुला कुणी दारात उभं करणार नाही. आणि जुगारातल्या माणसाला बाहेर कोण घेतो?"

हे खरं होतं. ग्झिराचा फ्लॅट गेला, हे तिला तिथंच कळलं. तरी ती उठली.

"करा फोन. मी का गेले तेही सांगा. नाहीतर मी सांगेनच."

"मग दे राजीनामा! शेवटचा पगार मात्र पडताळणी झाल्यावर."

ग्लोरियान दारातून मागे वळली.

"बटणही ठेवा हं," ती म्हणाली. "मी काही ते दाबणार नाही."