गाडीवाटेवरची ताडपत्री

मी एक जुनी ताडपत्री आहे. जाड सुती कापडाची, मेण पाजलेली, कडेने पितळी कड्या असलेली. हल्ली निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या मिळतात. त्या वाऱ्यावर फडफडून साऱ्या गावाची झोप मोडतात आणि एका हिवाळ्यात त्यांच्या चिंध्या होतात. त्यांनाही ताडपत्री म्हणायचं तर म्हणा बापडे. माझं वय झालं, मी कुणाशी भांडत नाही.

मित्रांनो, माझा जन्म कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या गॅनेट कोव्ह या गावात झाला. शिडं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला अँब्रोज आणि सेल्बी या दोघा भावांच्या बोटीच्या मापाने बेतलं. समुद्रावरून परतल्यावर दोघे मला बोटीवर पसरायचे. थंडीत माझ्यावर बर्फाचा थर जमून मी लाकडासारखी ताठ व्हायचे, तेव्हा धाकटा सेल्बी वल्ह्याच्या चपट्या अंगाने मला बडवायचा. दोन हलके फटके, एक जोराचा. पुन्हा दोन हलके, एक जोराचा.

"अरे, ताडपत्री आहे ती, ढोल नव्हे," अँब्रोज म्हणायचा.

"मग तू नाच की," सेल्बी म्हणायचा.

मग ते माझी घडी घालायचे. मी एकट्या माणसाच्या आवाक्यातली नाही. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि चालत चालत एकमेकांकडे यायचं. हाताला हात लागला की घडी झाली. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढे समुद्रातला कॉड मासा संपत आला आणि सरकारने मासेमारी बंद केली. बोट किनाऱ्यावर वाळत पडली. एकदा अँब्रोज शहरात गेला असताना सेल्बीने ती पलीकडच्या गावातल्या एका माणसाला विकून टाकली. ती सडताना त्याला बघवत नव्हती, आणि अँब्रोजला ती गेलेली बघवली नाही.

"मला विचारलं असतंस तर मीच ती पाण्यात ढकलून दिली असती," अँब्रोज म्हणाला.

"विचारलं असतं तर तू जन्मभर विचारच करत बसला असतास," सेल्बी म्हणाला.

एवढंच बोलणं झालं आणि त्यानंतर बोलणंच झालं नाही. वल्ही सेल्बीकडे राहिली, मी अँब्रोजकडे. दोघांची घरं शेजारी शेजारी, मध्ये एक कमरेएवढं कुंपण. अँब्रोजने रागाच्या भरात मला ओलंच गोळा करून छपरीच्या कोपऱ्यात फेकलं. तिथे मी कित्येक वर्षं पडून होते. ओल्या कापडाला आतून बुरशी धरते. वरून बघणाऱ्याला वाटतं, आहे आपली ठेवलेली.

मला पुन्हा उजेड दाखवला तो अँब्रोजच्या बायकोने, एफीने. झालं असं की अँब्रोजच्या किडन्या निकामी झाल्या. दर एक दिवसाआड त्याला शहरातल्या दवाखान्यात नेऊन डायलिसिस करावं लागे. गाडी एफी चालवायची, पण गाडी आधी घरातून रस्त्यापर्यंत पोहोचली पाहिजे ना. गाडीवाट लांब आणि चढाची, आणि आमच्याकडे हिवाळा म्हणजे रोज नवा बर्फ. आजवर तो अँब्रोज काढायचा. आता डॉक्टरांनी त्याला फावड्याला हातही लावायला मनाई केली होती. बर्फ उडवायच्या मशीनने तर पहिल्याच वादळात मान टाकली.

एफी अंगाने चिमणीएवढी, पण हार मानणारी नव्हे. फावडं जड पडलं म्हणून तिने केक भाजायचा ट्रे घेतला. तो दुमडला. मग केराची सुपली घेतली, मग खराटा, मग स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उचकटून त्याने बर्फ ढकलला. पानं उडवायचा पंखाही लावून पाहिला. त्याने सगळा बर्फ तिच्याच तोंडावर आणून टाकला. एका सकाळी तर तिने किटल्या भरभरून उकळतं पाणी ओतलं. दुपारपर्यंत वाटेचा आरसा झाला, आणि दुकानवाली डल्सी त्यावरून बसल्या बसल्या थेट रस्त्यापर्यंत गेली.

"एफी, पुढच्या वेळी सांगून ठेव," डल्सी कंबर चोळत म्हणाली. "मी उशी बांधून येईन."

अँब्रोज बिचारा खिडकीत बसून सूचना द्यायचा. "उजवीकडे टाक गं. डावीकडे टाकलास तर रस्ता साफ करणारा सरकारी ट्रक तोच बर्फ ढकलत परत आपल्या दारात आणून देईल."

"तू खिडकीतून हल बघू," एफी म्हणायची. पण टाकायची उजवीकडेच.

अशाच एका दिवशी छपरीत काहीतरी शोधताना तिचा हात माझ्यावर पडला. तिने मला झटकलं, नाक मुरडलं, आणि क्षणभर विचार केला. बर्फ पडायच्या आधीच मला वाटेवर अंथरायचं, कडेला दगड ठेवायचे, आणि सकाळी बर्फासकट ओढून काढायचं. मित्रांनो, काय सांगू, पहिल्याच दिवशी खालची वाट कोरडी ठणठणीत निघाली. लोक बघायला आले. इतकी वर्षं कोपऱ्यात कुजल्यावर कुणीतरी मला शाबास म्हणत होतं. मला रडू आलं असतं, पण मेणामुळे माझ्या अंगात पाणी ठरत नाही.

सेल्बीही कुंपणापलीकडून बघत होता. मी त्याला ओळखलं. तो आत निघून गेला.

नाताळ झाला आणि मोठं वादळ आलं. आधी बर्फ पडला. मग पाऊस सुरू झाला, पडता पडता गोठणारा. आमच्याकडे असा पाऊस पडला की झाडं, तारा, खिडक्या सगळं काचेत मढवल्यासारखं होतं. त्यावर पुन्हा बर्फ. एफीने मला अंथरून ठेवलं होतं, आणि इथेच चूक झाली. पाणी माझ्या खाली शिरलं आणि मी जमिनीला चिकटून बसले. रस्ते बंद झाल्याने अँब्रोजची एक खेप चुकली. दुसऱ्या खेपेच्या सकाळी ट्रक येऊन रस्ता मोकळा करून गेला, पण जाताना आमच्या वाटेच्या तोंडावर बर्फाची भिंत घालून गेला. तारा तुटल्याने फोन बंद होता. अँब्रोजचे पाय सुजले होते, त्याला धाप लागत होती. आजचीही खेप चुकली असती तर काय झालं असतं, हे एफी मोठ्याने बोलत नव्हती.

तिने सगळा जीव लावून मला ओढलं. माझी एक कडी उपटून तिच्या हातात आली. ती बर्फात मटकन बसली.

"सेल्बीला हाक मारू का रे?" तिने दाराकडे बघून विचारलं.

"मेलो तरी नाही," अँब्रोज आतून म्हणाला.

"ते तर दिसतंच आहे," एफी म्हणाली आणि डोळे पुसून पुन्हा उठली.

तेवढ्यात कुंपणावरून एक सोंग उतरलं. नाताळच्या बारा दिवसांत आमच्याकडे लोक सोंगं घेऊन घरोघर जातात. यजमानाने ओळखायचं. ओळखलं तर सोंगाने तोंडावरचा पडदा काढायचा, नाही ओळखलं तर नाही. पण सोंगं येतात दिवेलागणीला, आणि घोळक्याने. हे भर सकाळी एकटंच आलं होतं. रबरी बुटांवर बायकी घागरा, पाठीवर उशीचं कुबड, तोंडावर खिडकीचा जाळीदार पडदा. आणि हातात वल्हं.

"कोण गं बाई तू?" एफीने विचारलं.

"वाटसरू," सोंग म्हणालं. ओळख लागू नये म्हणून सोंगं श्वास आत ओढत बोलतात, तसंच. "ओढू नका वहिनी. फाटेल ती."

सोंगाला वहिनी म्हणायची काय गरज होती? एफी हातातली कडी खिशात टाकून बाजूला झाली. सोंग माझ्या कडेला उभं राहिलं आणि त्याने वल्हं चपटं धरलं. दोन हलके फटके, एक जोराचा. पुन्हा दोन हलके, एक जोराचा. मित्रांनो, इतक्या वर्षांनी अंगावर पडलेला तो मार मला किती गोड वाटला म्हणून सांगू. बर्फ तडकत गेला, मी कडेकडेने सुटत गेले, आणि सोंगाने मला चटईसारखी गुंडाळत वर नेलं. मग एफी कपाटाचं दार घेऊन आणि सोंग फावडं घेऊन भिंतीला भिडले. बर्फ पडला तो उजवीकडेच.

गाडी निघायची वेळ झाली तेव्हा अँब्रोज दाराला धरून उभा होता. तो वल्ह्याकडे बघत राहिला.

"थांब, ओळखतो," तो म्हणाला. "डल्सी आहेस तू."

सोंगाने मान हलवली.

"मग पाद्रीबाबांची बहीण."

पुन्हा नाही.

"मग नाही बाबा ओळखता येत. डोळे अधू झालेत माझे."

हा माणूस खाडीच्या पलीकडची बोट नावासकट ओळखतो. सोंगाने त्याच्या काखेत हात घालून त्याला गाडीत बसवलं, आणि नवराबायको वेळेवर दवाखान्यात पोहोचले.

बारा दिवस संपले. सोंगं पेटीत गेली. हे एक मात्र दवाखान्याच्या प्रत्येक सकाळी घागरा नेसून हजर. काम झालं की एफी केकचा तुकडा आणि घोटभर रम द्यायची. सोंग पडदा हनुवटीपर्यंतच उचलायचं.

"बाकीच्यांचा नाताळ उतरला, या बाईचा काही उतरत नाही," डल्सी दुकानात म्हणायची. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण नाव कुणी घेतलं नाही. ते घ्यायचा अधिकार एकाचाच होता.

अखेर ऊन पडलं. वाट कोरडी झाली. एफीने मला कुंपणावर वाळत घातलं आणि मी कित्येक वर्षांनी आतपर्यंत सुकले. त्या सकाळीही सोंग आलं. वाटेवर काढायला मूठभर बर्फ नव्हता. ते वल्हं घेऊन नुसतंच उभं राहिलं, काय करावं ते न सुचून.

अँब्रोज काठी टेकत बाहेर आला. काठी त्याने भिंतीला लावली, मला कुंपणावरून ओढलं आणि माझे दोन कोपरे हातात धरून उभा राहिला.

"सेल्बी," तो म्हणाला, "दुसरं टोक धर."

पडदा हळूच वर गेला. आत सेल्बीचा चेहरा ओला होता. त्याने वल्हं ठेवलं आणि माझी दुसरी बाजू उचलली.

"दादा, त्या बोटीचं..."

"आधी घडी. कोपरा नीट जुळव."

दोघे चालत निघाले. अँब्रोजला धाप लागत होती म्हणून सेल्बी आपलीच पावलं जास्त टाकत होता. मधोमध हाताला हात लागला. घडी झाली होती, तरी कुणी हात सोडला नाही.

मित्रांनो, आता माझी एक कडी नाही, दोन ठिकाणी ठिगळं आहेत, आणि मी छपरीत कोरड्या फळीवर असते. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी कोपऱ्यात पडलेलं असेल. त्याला बाहेर काढा, ऊन दाखवा. ओलं असताना घडी घालू नका. आणि ती घालताना एकट्याने ओढाताण करू नका. पलीकडे कुणीतरी उभं असतं. त्याला नावाने हाक मारा.