कुइश्त्लीदादांचा ससा

आमच्या चोलुलात दारू प्यायला नातवंड लागतं. आजी-आजोबा झालात की घायपाताची दारू हवी तेवढी ढोसा. त्याआधी प्यालात तर भर बाजारात डोकं भादरतात. आमच्या आळीत हे पुण्यकर्म मुखिया कुइश्त्लीदादा करत, तेही मोठ्या हौसेने.

दुसरी रीत अशी, की प्यायलेला माणूस जे बोलेल ते त्याचं नसतं. प्रत्येकाच्या आत एक ससा असतो. दारू पोटात गेली की तो जागा होतो. कुणाचा ससा गातो, कुणाचा मारामारी करतो. सकाळी 'ससा बोलला' म्हटलं की विषय मिटला.

मी कुंभारीण, विधवा. माझ्या मुलाचा, सोलिनचा जीव दादांच्या धाकट्या लेकीवर, पापानवर, तिचाही त्याच्यावर. मी तीनदा आळीतल्या म्हाताऱ्यांना मागणी घालायला धाडलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, "चिखलात हात घालणाऱ्यांच्या घरी माझी पोर नांदायची नाही." पुढच्या बाजाराला मिठाच्या व्यापाऱ्याकडची माणसं तिला बघायला येणार होती. सोलिनने जेवण सोडलं आणि माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात दादांच्या थोरलीला मुलगा झाला. बारशाला मी एक ससा घेऊन गेले, मातीचा, गरगरीत पोटाचा, घोटून चकचकीत केलेला. तोंड बंद, पोकळ कानाला ओठ लावून प्यायचं.

"दादा, आजोबा झालात! पहिला घोट माझ्या भांड्यातून. भरूनच आणलाय."

त्यांनी वास घेतला, नाक मुरडलं आणि सशाचा कान ओठाला लावला. "सेन्तेहुआ, ही तर गोड लागते की!"

"पहिल्यांदा सगळ्यांना गोडच लागते," मी म्हटलं. शेजारच्या म्हाताऱ्या उगाच खोकल्या.

ससा अर्धा रिता झाला आणि दादा उठून नाचायला लागले. ज्यांची डोकी त्यांनी भादरली होती ते टाळ्या पिटत होते. मग दादा मटकन खाली बसून रडायला लागले.

"चिखलाचं नुसतं निमित्त हो! पापान गेली की घर खायला उठेल मला. तिची आई गेल्यापासून तीच तेवढी बोलते माझ्याशी." डोळे पुसून ते सगळ्या आळीसमोर म्हणाले, "देतो सोलिनला! दोन घरं पलीकडेच तर जायचंय."

सकाळी ते माझ्या भट्टीपाशी हजर, मागे निम्मी आळी.

"सेन्तेहुआबाई, काल ससा बोलला. मी नाही."

लोकांनी माना डोलावल्या. रीत ती रीत.

"कुठला ससा, दादा? भांड्यात नीरा होती. घायपातातून नुकतीच काढलेली. वास यावा म्हणून आठ दिवस आत दारू मुरवली होती, मग ओतून टाकली. उरलेली नीरा तुमच्याच घरच्या पोरांनी संपवली. त्यातलं कुणी नाचलं का?"

आळीत हशा पिकला. दादा भट्टीच्या कठड्यावर टेकले.

"म्हणजे नाचलो तो मीच?"

"तुम्हीच."

"आणि रडलो तो?"

मला वाटलं होतं, या प्रश्नाला मी झकास टोमणा मारेन. पण लाजच वाटली. मी नुसती मान डोलावली.

दादा हळूच म्हणाले, "रोज संध्याकाळी पाठवशील ना तिला, माझ्याशी बोलायला?"