एका बोटाने लिहिलेली प्रतिक्रिया

मित्रांनो, मला जुना म्हणा, पण भंगार म्हणू नका. मी एक कीबोर्ड आहे. माझी काही अक्षरं झिजली असली, तरी सगळ्या कळा अजून चालतात.

कारखान्यातून निघून मी एका चष्म्याच्या दुकानामागच्या घरात आलो. चष्मेवाले बाबा एकाच बोटाने मला ठोकत आणि 'दुकान दुपारी बंद राहील' एवढंच लिहीत. पुढे त्यांच्या मुलीने माझा ताबा घेतला. तिची दहाही बोटं भराभर चालायची. दुकानातलं भिंग घेऊन ती झाडाझुडपांत किडे पाहत बसे आणि घरी येऊन त्यांच्यावर ब्लॉग लिही. वर्गातली मुलं तिला 'किडेवाली' म्हणून चिडवत. पठ्ठीने तेच नाव ब्लॉगला दिलं!

तिथे तिला तिची माणसं भेटली. एका परिचारिकेने बाल्कनीतल्या भुंग्याचा फोटो पाठवून विचारलं, "हे पाहुणे कोण?" पोरगी खुर्चीतच नाचली. एक निवृत्त इंजिनचालक तिच्या लेखाची आठवडाभर वाट बघत. या मंडळींचा एक रिवाज मला फार आवडायचा. कुणी पेचात पडलं तर सल्ला द्यायचा नाही. आपण निवड करताना काय सोडलं, तेवढंच सांगायचं.

बारावीनंतर तिच्यावरच तो पेच आला. नामांकित इंजिनीअरिंग कॉलेजात नंबर लागला आणि एका छोट्या कॉलेजात कीटकशास्त्रालाही. शनिवारपर्यंत एक नक्की करायचं होतं.

"एवढ्या मोठ्या कॉलेजचा दरवाजा उघडलाय आणि तू किडे कसले बघत बसलीस!" बाबा म्हणाले.

"मला ते आवडतात, बाबा."

"आवडीनं पोट भरतं का?"

"आता दोघंही जेवा," आई म्हणाली. "ती कॉलेजं ताटाबाहेर ठेवा."

मुलीने सगळं ब्लॉगवर लिहिलं. परिचारिकेने सोडलेल्या गाण्याबद्दल सांगितलं, इंजिनचालकांनी सोडलेल्या गावाबद्दल.

शुक्रवारी दुपारी मुलगी वाचनालयात गेली असताना बाबा माझ्यासमोर बसले. ब्लॉगवरची एकूण एक ओळ त्यांनी वाचली. मग ते बोट माझ्यावर आलं. 'एक वाचक' या नावाने त्यांनी लिहिलं: "मी नामांकित कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं. सगळ्यांना सांगितलं, दुकानात माणूस हवा होता. खरं म्हणजे तिथे माझं मन लागत नव्हतं. मला हाताने बारीक काम करायला आवडायचं. हे आजवर कुणाला सांगायची हिंमत झाली नाही."

त्यापुढे 'माझ्या मुलीलाही नाही' असं त्यांनी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मित्रांनो, मी हजारो शब्द उमटवले, पण त्या खोडलेल्या शब्दांएवढा मान मी दुसऱ्या कशालाच देत नाही.

संध्याकाळी मुलीने ते वाचलं. डोळे पुसून तिने उत्तर लिहिलं: "काका, तुम्ही फार धीट आहात. माझ्या बाबांशी एकदा बोलाल का? ते माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

शनिवारी सकाळी दुकान उघडण्याआधी बाबांनी ते उत्तर वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हळूहळू एकच शब्द लिहिला: "बोलतो." तो पाठवायचं मात्र राहूनच गेलं. त्यांनी हाक मारली, "अगं किडेवाली, जरा इकडे ये."

त्या घरात कुणी तिला त्या नावाने प्रथमच हाक मारत होतं. ती आली. तिने पडद्याकडे पाहिलं, 'एक वाचक' हे नाव पाहिलं, मग बाबांच्या बोटाकडे पाहिलं.

"काका?" ती म्हणाली.

बाबा हसले आणि लगेच रडलेही. त्याच सकाळी छोट्या कॉलेजचा फॉर्म माझ्यावरच भरला गेला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, न पुसा. माझी तक्रार नाही. पण जे मला सांगता, ते कधीतरी घरातल्या माणसांनाही सांगा. मी सगळं मुकाट ऐकून घेतो, पण जवळ घेऊन पाठीवर हात फिरवणं मला जमत नाही.