विळ्याने कापलेला लव्हाळा

मी बोलतोय तो दाराच्या चौकटीवरून. लव्हाळ्याचा क्रूस आहे मी, चार हातांचा, एका बाजूला कललेला. संत ब्रिजिडच्या सणाला आमच्याकडे घरोघरी माझ्यासारखा एक विणतात. घराला आग लागू नये, ताप शिवू नये म्हणून.

या घराला ताप शिवला. मी विणला जाण्याआधीच.

माझा जन्म ओढ्याकाठच्या दलदलीतला. सणाचा लव्हाळा हाताने उपटायचा, त्याला लोखंड लावायचं नाही, अशी इथली रीत. दरवर्षी तो न्यायला या घरची लेक गोबनेट यायची. यंदा तिचा धाकटा भाऊ फिंटन आला, विळा घेऊन, आणि सपासप कापत सुटला. जणू तापाने नाही, आम्हीच तिला नेलं होतं.

वाटेत शेजारचा डोनाखा काका भेटला. "अरे गाढवा, विळा लावलास? हा आता क्रूसाचा नाही, गाईखाली अंथरायचा!"

"मग अंथर जा तुझ्या गाईखाली! मूठ वळत नाही माझी, काका."

त्याचे तळहात फुटले होते. गोठलेल्या जमिनीत बहिणीची कबर त्याने एकट्याने खणली होती. काकाने ते हात पाहिले. टोपी काढून बाजूला झाला.

घरात आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. माती दिल्यापासून तिने अन्नाला हात लावला नव्हता, तोंडातून शब्द काढला नव्हता. अशीच पडून राहिली तर तीही जाईल, हे फिंटनला कळत होतं. म्हणून तर त्याला सण हवा होता. लव्हाळा आणणारा दाराबाहेरून ब्रिजिडच्या नावाने हाक देतो आणि आतल्यांना ठरलेलं उत्तर द्यावंच लागतं.

"गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या!"

आत काही हललं नाही. त्याने पुन्हा हाक दिली. तीही विरली. ही हाक या घराने नेहमी गोबनेटच्या आवाजात ऐकलेली.

मग त्याने आमचा भारा दारावर आपटला. "आई, ऊठ की गं! ब्रिजिड नाही, गोबनेट नाही, मीच आहे नुसता. मला तरी घे आत!"

बऱ्याच वेळाने कडी निघाली. आई भिंतीला धरून उभी होती. तिने आमची कापलेली टोकं पाहिली, मग त्याचे हात.

"ये," एवढंच ती म्हणाली. रीतीचे शब्द नव्हते ते.

मला तिनेच विणलं. बोटं थरथरत होती, म्हणून मी असा कललेला. विणता विणता ती जुनी गोष्ट सांगू लागली. ब्रिजिड एका मरणाऱ्या सरदाराच्या उशाशी बसली आणि जमिनीवर अंथरलेला लव्हाळा उचलून विणत राहिली. तोच पहिला क्रूस.

"वाचला तो?"

"नाही रे."

"मग कशाला विणायचं? घाल चुलीत!" तो मला हिसकावू लागला.

आईने सोडलं नाही. "एकटा नाही गेला तो, फिंटन. तेवढंच असतं आपल्या हाती."

तेव्हा तो रडला. कबरीवरही रडला नव्हता. सणासाठी त्याने उकडलेले, लोणी घातलेले बटाटे पार गार झाले. मग आईने दोन घास खाल्ले, तेही त्याने भरवले म्हणून.

आता मी धुराने काळा पडत चाललोय. आई अजून फार बोलत नाही. माझ्याकडे राखण मागू नका. ताप आला तर तो माझ्याखालूनच आत जाईल. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं, तर उशाशी बसा. हातांना काही काम घ्या हवं तर. पण उठून जाऊ नका.