पडदेमामांचं पोट

जगात जे जे वर गेलं, ते खाली बसलेल्या कुणाच्या तरी वजनावर गेलं. राज्यं घ्या, मनोरे घ्या, मोठमोठ्यांची नावं घ्या. हा सिद्धांत मी नाट्यगृहाच्या विंगेत प्रॉम्प्टर म्हणून बसून वर्षानुवर्षांच्या चिंतनातून काढला होता. एका शनिवारी, दुसऱ्या अंकात, तो पडदेमामांसकट हवेत गेला.

पडदेमामा म्हणजे आमचा पडदा ओढणारा माणूस. वयाने माझ्याएवढे, आकाराने माझ्या दुप्पट. पडदा जाड मखमलीचा, खालून वर जाणारा. मामा दोराला लोंबकळून तो खेचायचे, उरलेला दोर कमरेला गुंडाळायचे आणि स्टुलावर बसायचे. मामा खाली, पडदा वर. दोन्ही हात मोकळे, त्यात चहाचा कप. अंक संपला की उठायचं. एवढ्या आरामात आमच्याकडे फक्त नाटकातली प्रेतं काम करायची.

पुढे मामांची साखर वाढली, गुडघे बोलू लागले आणि डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू केलं. तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "चरबीबरोबर स्नायूही झडतात, मामा. वजनं उचलायची आणि प्रोटीन पोटात जायला हवं. भूक नसली तरी."

मामांनी त्यातलं "चरबी" तेवढं ऐकलं. भूक मेलेलीच होती. मामी डब्यात उकडलेली अंडी द्यायच्या, ती नाट्यगृहाच्या मांजरीला जायची. मामा वाळत गेले, मांजर मात्र पैलवानासारखी चालू लागली.

तर तो शनिवार. नायक मरणशय्येवर. अचानक माझ्या कानाशी स्टूल खाली पडल्याचा आवाज झाला. बघतो तर पडदा हळूहळू खाली येतोय आणि मामा हळूहळू वर चाललेत.

"अहो, धरा!"

"काय धरू?"

"हाताला लागेल ते धरा!"

हाताला बूट लागला. तो माझ्याकडे राहिला, मामा पुढे गेले. नायक मेला तेव्हा प्रेक्षकांना त्याचे फक्त तळवे दिसत होते. टाळ्या मात्र नेहमीपेक्षा जास्त पडल्या.

व्यवस्थापकांनी मामांना शिडीवरून उतरवून घेतलं आणि तिथेच ऐकवलं, "मामा, मी मोटर बसवतो. बटण दाबलं की काम. ती चहासुद्धा मागत नाही."

मामांचा चेहरा पडला. जन्म त्या दोराशी गेला होता. "इंजेक्शन बंद!" ते म्हणाले. "मला माझं पोट परत हवंय."

"आणि साखर? तीही परत हवी का?" घ्यायला आलेल्या मामी दारातून म्हणाल्या. "परवा जिना चढताना एकदाही थांबला नाहीत. मी मागे राहिले, मी! चला डॉक्टरीणबाईंकडे."

डॉक्टरीणबाईंनी मामांचा दंड दाबून पाहिला. तो शोधायलाच त्यांना वेळ लागला. "इतकी वर्षं पोटाने पडदा धरलात, आता हातांनी धरा. शरीर फार काटकसरी असतं, मामा. जे वापरत नाही ते मोडीत काढतं. इंजेक्शन चालू राहील. व्यायामही."

व्यवस्थापकांनी नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगापर्यंत मुदत दिली आणि दोर अडकवायला भिंतीत एक लोखंडी खुंटी ठोकून दिली. मामांनी तिला टोपी अडकवली.

मग मामा व्यायामाला लागले. सर्कशीच्या नाटकातली काळी डंबेल्स त्यांनी कपाटातून काढली आणि रोज विंगेत उचलू लागले. महिनाभराने डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जड जातात का?"

"छे! पहिल्या दिवसापासून पिसासारखी. ताकद मुळातच होती म्हणायची."

बाईंनी डंबेल्स मागवली. एक टेबलावर ठेवलं, तर ते पंख्याच्या वाऱ्याने खिडकीपर्यंत गेलं. पुठ्ठ्याचं होतं.

"पण तो पैलवान रोज घामाघूम व्हायचा हो!" मामा कळवळले. "मी स्वतः विंगेतून पाहिलंय!"

आमच्या नटांच्या अभिनयाला इतकी दाद कधीच कुणी दिली नव्हती.

त्यानंतर मामांनी सेट जागच्या जागी ठेवणाऱ्या वाळूच्या पिशव्या धरल्या. लहान पिशवी, मग मोठी. उचला, ठेवा, एक दिवस आराम, पुन्हा उचला. अंडी औषधासारखी, नाक मुरडून का होईना, पोटात जाऊ लागली. मांजर मामांवर डूख धरून बसली. हळूहळू मामांच्या बाहीत काहीतरी वस्तीला आल्यासारखं दिसू लागलं.

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. विंगेत व्यवस्थापक, त्यांच्या शेजारी मोटरवाला मापाची टेप घेऊन. मामी माझ्या मागे उभ्या, माझी खुर्ची घट्ट धरून. तिसरी घंटा झाली. मामांनी जमिनीला ठोकलेल्या पट्टीत पाय अडकवले, दोर धरला आणि खेचला. पडदा जरासा हलला. थांबला. मामी श्वास घ्यायला विसरल्या, मीही. मग मामांच्या दंडांवर दोन गाठी उठल्या आणि पडदा वर निघाला. हातामागून हात, हातामागून हात. पार वर. स्टुलावर कुणी बसलेलं नव्हतं.

मोटरवाल्याने टेप गुंडाळली. व्यवस्थापक जाताना मामांच्या दंडाला हळूच बोट लावून गेले. मामींनी पदर डोळ्यांना लावला.

"मामा, आता अडकवा खुंटीला," मी कुजबुजलो.

"राहू द्या. जरा धरू दे मला."

रंगमंचावरचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. कपाळावर खराखुरा घाम होता. काहीतरी मोठं बोलणार, असं वाटून मी कान पुढे केला.

"ऐका ना," मामा म्हणाले, "माझे हात अडकलेत. डब्यातलं ते अंडं जरा सोलून देता का? भूक लागलीय."