मागच्या दाराची माणसे

मित्रांनो, मी एक जुने मालिशचे टेबल आहे. बघा, हसलात! ‘मालिश’ हा शब्द ऐकला की माणसांच्या तोंडावर एक तिरके हसू येते. ते हसू मी अठरा वर्षे सोसत आलो आहे. आज मी मनातले बोलणार आहे, आणि रागावून बोलणार आहे.

माझ्या मालकिणीला सगळे ताई म्हणतात. पूर्वी ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. मग तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. इस्पितळात व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई होत्या. तळवा कसा उघडायचा, कोपर कसे धरायचे, खांदा का ओढायचा नाही, ते सगळे त्या ताईला दाखवायच्या. कामावरून आली की ताई वडिलांचा हात मांडीवर घेऊन बसे. सात महिन्यांनी वडिलांनी आपल्या शर्टाचे बटण स्वतः लावले. ते पाहून त्या बाई म्हणाल्या, “अगं, तुझ्या हाताला घाई नाही. ते शिकवून येत नसतं. बाकीचं येतं. ते शीक.”

ताई शिकली. दिवसा कॉलर आणि संध्याकाळी वर्ग, अशी दोन वर्षे काढली. हाडे, स्नायू, शिरा, सगळे पाठ केले. हात कुठे लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही, तेही पक्के केले.

ती परीक्षा पास झाल्यावर शेजारच्या सुतारकाकांनी मला घडवले. त्यांनी ताईला हात सोडून उभे केले आणि तिच्या मुठी जिथवर पोचत होत्या, तेवढीच माझी उंची ठेवली. तोंड ठेवायचे भोक पाडल्यावर आधी स्वतःचेच तोंड त्यात घातले आणि आतून ओरडले, “येतोय गं श्वास!” वर जाड स्पंज, त्यावर हिरवे रेक्झीन. काय ऐट होती माझी!

ती दोन दिवससुद्धा टिकली नाही. ताईच्या थोरल्या भावाने मला दारातच अडवले.

“परक्यांची अंगं रगडणार तू? आपल्या घरातली बाई?”

“बाबांचं अंग रगडलं तेव्हा चाललं की तुला.”

“ते बाबा आहेत!”

“मग येणारेही कुणाचे तरी बाबाच असतील, दादा.”

दादाने मला उचलले आणि गच्चीवर नेऊन टाकले, तेही गळक्या टाकीखाली. तीन आठवडे माझ्यावर पाणी ठिबकत होते. कबुतरांनी काय केले ते तर विचारूच नका. माझा गुन्हा काय होता? शेवटी एके सकाळी वडील काठी टेकत, पायरीपायरीवर थांबत, वर आले. जीभ अडखळत होती. “हे... खाली ने,” ते दादाला म्हणाले. “नाहीतर... मलाही इथंच ठेव.” दादाने मान खाली घातली आणि मला खाली आणले.

मग ताईने एका इमारतीत तळमजल्यावर खोली भाड्याने घेतली. दारावर पाटी लावली. दिवसभर फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षिका आल्या, बसचालक आले, ओझी उचलून पाठ धरलेले हमाल आले. ताई आधी चौकशी करी, मग हात लावी. कितीतरी माणसे माझ्या भोकात तोंड घालून गुपचूप रडली आहेत. खालच्या फरशीवर पडलेले थेंब फक्त मी आणि ताईने पाहिले. आणि तरीही काहीजण फोनवर नको ते विचारत. ताई फोन ठेवून देई आणि साबणाने हात धुई.

तिसऱ्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी राहत. “असले धंदे आपल्याकडे नकोत,” असे ते प्रत्येक सभेत बजावत. आणि दर गुरुवारी हेच साहेब डोक्यावर टॉवेल घेऊन मागच्या दाराने आत येत! मान धरायची त्यांची. ताई त्यांची मान मोकळी करून देई. माझे लाकूड मात्र आतून करकरायचे.

एका गुरुवारी ते लंगडत आले. दोन दिवस गाडीत बसून लांबचा प्रवास करून आले होते. “पोटरीत गोळा आलाय. जरा जोरात चोळ,” म्हणाले.

ताईने पोटरी पाहिली. ती लाल होती आणि तापली होती. तिने शिवणाची टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी दोन बोटे जास्त भरली. ताई झटकन मागे सरली.

“साहेब, मी हात लावणार नाही. तुम्हीही चोळू नका. रक्ताची गाठ असेल, चोळली तर सुटून वर फुफ्फुसात जाईल. आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला.”

“तू काय डॉक्टर लागून गेलीस?” साहेब भडकले. “मालिशवाली आहेस, मालिश कर!”

“मी तुमच्या घरी फोन करते.”

“खबरदार! बायकोला कळेल मी इथं येतो ते!”

“जीव मोठा की लाज?” असे म्हणून ताईने फोन लावलासुद्धा. साहेबांच्या पत्नी, सेक्रेटरीबाई, धावत खाली आल्या आणि त्यांना इस्पितळात घेऊन गेल्या. गाठच निघाली. वेळेत पोचले म्हणून वाचले.

तुम्हाला वाटेल, आता साहेब पेढे घेऊन आले असतील. छे! “मला आधीच शंका आली होती, म्हणून मीच गेलो,” असे ते जिन्यात सगळ्यांना सांगू लागले. आणि पंधरा दिवसांनी कमिटीची चार माणसे घेऊन ताईच्या खोलीत आले, नोटीस द्यायला. यावेळी पुढच्या दाराने.

खोलीत खुर्च्या दोनच होत्या. म्हणून साहेब आणि दोघेजण खुशाल माझ्यावर बसले! माझ्यावर बसून मलाच बाहेर काढायची नोटीस वाचू लागले! “इमारतीच्या प्रतिष्ठेस बाधा आणणारा व्यवसाय...”

इतक्यात दारातून आवाज आला. सेक्रेटरीबाई होत्या. हातात भाजीची पिशवी तशीच होती.

“यांनी तुम्हाला सांगितलं नसेल, मी सांगते. हे दर गुरुवारी इथं येत होते. त्या दिवशी या ताईनं यांच्या पायाला हात लावायला नकार दिला, म्हणून माझं माणूस आज नोटीस वाचायला जिवंत आहे.”

एकाला एकदम खोकला आला. साहेब नोटिशीचा कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहू लागले.

ताई हात बांधून उभी होती. तिचा आवाज चढला नाही, पण इतक्या वर्षांत मी तो तसा ऐकला नव्हता.

“आधी उठा,” ती म्हणाली. “माझ्या टेबलावरून उठा. ते दुखणाऱ्या माणसांसाठी आहे.”

तिघेही उठले. कागद माझ्यावरच विसरून निघून गेले. साहेबांनी माफी मागितली नाही, आजपर्यंत नाही. पण ती नोटीस परत कुणी मागायला आले नाही. माझा एक पाय थोडा डुगडुगतो. ताईने त्या कागदाची चौपदरी घडी केली आणि त्याखाली सरकवली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवर धूळ बसू देऊ नका, रेक्झीन फाटले तर शिवा, एवढे तर मागेनच. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. ज्या हातांनी तुमचे दुखणे उतरते, त्यांचे नाव चारचौघांत घ्यायला लाजू नका. त्या हातांकडे जाताना पुढच्या दाराने जा.